परदेशात अंगरक्षकाची नोकरी

प्रश्न : इराकमध्ये अंगरक्षकाचे काम कसे असते? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : संघर्षग्रस्त भागात अंगरक्षकाचे काम बंदुकीपेक्षा पूर्वतयारीचे असते : रस्ते आधी पाहून ठेवणे, वेळा व मार्ग बदलणे, जवळचे रुग्णालय ठाऊक असणे. हल्ला झालाच तर लढत बसायचे नसते. व्यक्तीला तिथून बाहेर काढायचे असते. आतला धोका अधिक वाईट. मूळ श्रीवर्धनच्या पेशवे घराण्यातले नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात मारले गेले, ते पदरच्या गारद्यांकडूनच. म्हणून नेमणुकीपूर्वी उमेदवाराची कसून चौकशी होते. दहावी न झालेल्यांना इराकला नोकरीसाठी जाताना सहसा उत्प्रवास परवानगी लागते. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. विमा आणि जखमी झाल्यास मायदेशी आणण्याची तरतूद करारात लेखी हवी.