उबुंटू अपग्रेड केलं आणि व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन काळी झाली? आधी हात थांबवा!



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या हिशोबासाठी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात उबुंटू कसं चालवायचं ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे: "सर, अपग्रेड केल्यावर स्क्रीन काळी झाली, आता काय करू?" कोणाची स्क्रीन एवढीशी झालीय, कोणाला पासवर्ड टाकला की पुन्हा पासवर्डच विचारतोय. आजचा धडा त्याच्यावरच.

सुरुवातीलाच एक वाक्य वहीत लिहून घ्या. स्क्रीन जाणं म्हणजे डेटा जाणं नाही. हे वाक्य मला माहीत नव्हतं, म्हणून माझं नुकसान झालं.

माझी चूक आधी सांगतो

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. वायरमन लोक माल उधारीवर नेतात, काम झालं की पैसे देतात. ही उधारी बाबा लाल वहीत लिहायचे. मी बीबीए करून दुकानात बसलो आणि सगळं लिब्रेऑफिसच्या शीटमध्ये, उबुंटूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आणलं. २०२२ च्या दिवाळीच्या आठ दिवस आधी रात्री अपग्रेडचा मेसेज आला. उबुंटू २०.०४ वरून २२.०४. मी "हो" दाबलं आणि झोपायला गेलो.

सकाळी काळी स्क्रीन. काउंटरवर गिऱ्हाईक उभं. दहा मिनिटं बटणं दाबली आणि ठरवलं, "नवीनच टाकू." जुनी मशीन फाइल्ससकट डिलीट केली. तीन महिन्यांची उधारी त्यातच होती आणि कॉपी कुठेच नव्हती.

दिवाळीत एकेकाला फोन करून विचारावं लागलं, "दादा, तुमच्याकडे किती निघतात?" बरेच जण प्रामाणिक निघाले. काहींना आठवत नव्हतं, आणि काहींना आठवायचं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "वही भिजते रे, पण अशी एका बोटानं पुसली जात नाही."

नंतर शिकत गेलो तेव्हा कळलं, ती मशीन आतून ठीक असण्याचीच शक्यता जास्त होती. २०२४ च्या शेवटी २४.०४ वर गेलो तेव्हा पुन्हा काळी स्क्रीन आली. या वेळी क्रमानं गेलो आणि अर्ध्या तासात काउंटर सुरू झाला. तो क्रम आज तुम्हाला देतोय.

असं का होतं?

व्हर्च्युअल मशीनला खरं डिस्प्ले कार्ड नसतं. व्हर्च्युअलबॉक्स तिला एक नकली कार्ड दाखवतो. त्या कार्डाशी बोलायला लिनक्सच्या आत ड्रायव्हर लागतो. स्क्रीन खिडकीच्या मापाची होणं, माउस सहज आत-बाहेर जाणं, शेअर्ड फोल्डर या सोयींसाठी आपण "गेस्ट अॅडिशन्स" टाकतो. त्यातले काही भाग लिनक्सच्या कर्नलच्या मापाने तयार झालेले असतात.

अपग्रेडमध्ये कर्नल बदलतो. गेस्ट अॅडिशन्स जुन्या मापाच्याच राहतात. कुलूप बदललं पण चावी जुनीच, असा प्रकार. घरातलं सामान जागेवर आहे, फक्त दार उघडत नाही.

वायरमन काय करतो आठवा. लाइट गेली तर तो भिंत फोडत नाही. आधी बल्ब, मग स्विच, मग फ्यूज, आणि शेवटी वायरिंग. आपणही तसंच जायचं.

एक सूचना: खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. प्रत्येकीचं नेमकं स्पेलिंग आणि चिन्हं व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिली आहेत.

पायरी ० : काही करायच्या आधी कॉपी

मशीन बंद करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेन्यूत "एसीपीआय शटडाउन" असतं, ते आधी वापरा. दोन-तीन मिनिटांत बंद झाली नाही तरच "पॉवर ऑफ". मग त्या मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. मोठं असतं, वेळ लागतो, लागू द्या. तेवढा वेळ काउंटरवर साधी वही उघडा आणि धंदा चालू ठेवा.

कॉपी झाली की आता तुम्ही काहीही बिघडवलं तरी परत इथपर्यंत येऊ शकता. निम्मी भीती इथेच जाते.

पायरी १ : मशीन जिवंत आहे का?

मशीन सुरू करा, काळी स्क्रीन येऊ द्या. आता कीबोर्डवरचं उजवीकडचं कंट्रोल दाबून एफ ३ दाबा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल ही "होस्ट की" असते आणि ही जोडी आतल्या उबुंटूला कंट्रोल-ऑल्ट-एफ ३ पोचवते.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात "लॉगिन" आलं? मग आनंद करा! लिनक्स जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप पडलाय. युजरनेम टाका, पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजू नका.

लॉगिन आलंच नाही, तर थेट पायरी ४ आणि मग पायरी ७ वर जा.

पायरी २ : डिस्क भरली आहे का?

कमांड: डीएफ डॅश एच. नुसत्या तिरक्या रेघेसमोर १०० टक्के दिसलं तर कारण तिथेच सापडलं. अपग्रेड भरपूर जागा खातं, आणि जागा संपली की डेस्कटॉप उघडत नाही. पासवर्ड टाकून पुन्हा पासवर्डच विचारण्याचं हे एक नेहमीचं कारण.

सुडो आप्ट क्लीन ही कमांड द्या. डाउनलोड करून ठेवलेली पॅकेजेस जातात, तुमच्या फाइल्सना हात लागत नाही. "ऑटोरिमूव्ह" मात्र आत्ता नको. ती जुने कर्नलही काढू शकते, आणि पायरी ७ मध्ये जुना कर्नलच कामाला येणार आहे.

पायरी ३ : अपग्रेड अर्धवट राहिलंय का?

मध्येच लाइट गेली किंवा लॅपटॉप झोपला की पॅकेजेस अर्धवट राहतात. क्रमानं द्या: सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए. मग सुडो आप्ट डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल. मग सुडो आप्ट अपडेट आणि सुडो आप्ट फुल डॅश अपग्रेड. शेवटी सुडो रीबूट.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मशीन इथेच सुटतात.

पायरी ४ : बाहेरची सेटिंग

मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्समध्ये सेटिंग्ज, मग डिस्प्ले. तीन गोष्टी बघा.

- ग्राफिक्स कंट्रोलर: लिनक्ससाठी व्हीएमएसव्हीजीए.
- व्हिडिओ मेमरी: १६ एमबी असेल तर सरळ १२८ एमबी.
- थ्रीडी अॅक्सिलरेशन: टिक असेल तर काढा.

एका वेळी एकच बदल करा, मशीन सुरू करून बघा, मग दुसरा. तिन्ही एकदम बदलले तर कशानं सुटलं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. माझ्या मशीनला २०२४ मध्ये थ्रीडीची टिक नडली होती. टिक काढली आणि लॉगिनची स्क्रीन दिसली.

पायरी ५ : गेस्ट अॅडिशन्स नव्याने

स्क्रीन आली पण एवढीशीच आहे, शेअर्ड फोल्डरही गायब? मग चावी बदलायची वेळ आली. आधी लॅपटॉपवरचा व्हर्च्युअलबॉक्स अपडेट करा. हे बरेच जण विसरतात. आतला कर्नल नवा आणि बाहेरचा व्हर्च्युअलबॉक्स जुना असेल तर त्याच्या गेस्ट अॅडिशन्स नव्या कर्नलवर तयारच होत नाहीत.

मग उबुंटूमध्ये बिल्ड डॅश इसेन्शियल, डीकेएमएस आणि लिनक्स डॅश हेडर्स डॅश जेनेरिक ही तीन पॅकेजेस टाका. त्यानंतर मशीनच्या खिडकीत डिव्हायसेस मेन्यूतून "इन्सर्ट गेस्ट अॅडिशन्स सीडी इमेज" निवडा, आतला इन्स्टॉलर चालवा, रीबूट करा. शेवटी व्ह्यू मेन्यूत "ऑटो-रिसाइझ गेस्ट डिस्प्ले" चालू आहे ना, ते बघा.

इथे एक गोंधळ होतो. "एक्स्टेन्शन पॅक" ही वेगळी वस्तू आहे, त्यानं डिस्प्ले दुरुस्त होत नाही. शिवाय मूळ व्हर्च्युअलबॉक्स धंद्यासाठीही फुकट असला तरी एक्स्टेन्शन पॅक धंद्यात वापरायला परवाना लागतो. उगाच टाकू नका.

पायरी ६ : वेलँडऐवजी झॉर्ग

उबुंटूत पडद्यावर चित्र काढणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी झॉर्ग आणि नवी वेलँड. २१.०४ पासून वेलँड ही नेहमीची निवड झाली. व्हर्च्युअल मशीनमध्ये काही वेळा तिचं जमत नाही. २२.०४ आणि २४.०४ मध्ये लॉगिनच्या स्क्रीनवर आपल्या नावावर क्लिक केलं की उजवीकडे खाली दातेरी चाकाचं चिन्ह दिसतं. तिथे "उबुंटू ऑन झॉर्ग" निवडा आणि मग पासवर्ड टाका.

पायरी ७ : जुन्या कर्नलवरून सुरू करा

मशीन सुरू होताच शिफ्ट धरून ठेवा. ईएफआय चालू असलेल्या मशीनला एस्केप दाबा. मेन्यू आला की "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा आणि आकडा लहान असलेला, म्हणजे जुना कर्नल निवडा. त्यावर स्क्रीन आली तर बिघाड नव्या कर्नलच्या ड्रायव्हरचा आहे हे पक्कं. आधी डेटाची आणखी एक कॉपी, मग निवांत पायरी ५.

कधी थांबायचं?

घड्याळ लावा. एक तास झाला आणि सुटलं नाही, तर थांबा. आपण दुकानदार आहोत, काउंटर आधी. कॉपी हातात आहे, त्यामुळे संध्याकाळी दुकान बंद करून किंवा जाणकाराला दाखवून काम होईल. नवीन मशीन टाकावीच लागली तर खुशाल टाका, पण जुनी डिलीट न करता. जुन्या मशीनची डिस्क नव्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडता येते आणि फाइल्स बाहेर काढता येतात. हे मला २०२२ मध्ये कोणी सांगितलं असतं तर ते फोन करावे लागले नसते.

पुढच्या वेळेसाठी चार नियम

१. सीझनच्या तोंडावर अपग्रेड नाही. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्नची घाई असते, तेव्हाही नाही. एलटीएस आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात, एका रात्रीत काही बिघडत नाही.

२. अपग्रेडच्या आधी मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप गेला की तोही गेला. त्याला बॅकअप म्हणू नका. आणि जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर त्यानंतरच्या नोंदी जातात, हेही लक्षात ठेवा.

३. हिशोबाची फाइल रोज रात्री मशीनच्या बाहेर जायलाच हवी. पेनड्राइव्ह चालेल, पण रोज.

४. काय बदललं, कशानं सुटलं, तारखेसह वहीत लिहा. माझ्या काउंटरखाली आता लाल वही पुन्हा आली आहे. पहिल्या पानावर या पायऱ्या आहेत, आणि मागे आठवड्याची उधारी हातानं लिहिलेली.

आजचा गृहपाठ

मशीन चांगली चालू असतानाच उजवं कंट्रोल आणि एफ ३ दाबून बघा. लॉगिन करा, डीएफ डॅश एच द्या, मग उजवं कंट्रोल आणि एफ २ नं परत या. एफ २ नं नाही आलात तर एफ १. पाच मिनिटांचं काम. आग लागल्यावर बादली शोधत बसायचं नसतं, ती कुठे आहे ते आधीच बघून ठेवायचं.

जमलं की नाही ते कमेंटमध्ये नक्की लिहा. अडलात तर कोणत्या पायरीवर आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय, एवढं सांगा. "चालत नाही" एवढंच लिहिलंत तर मला मदत करता येत नाही. पुढच्या भागात रोजची कॉपी आपोआप कशी होईल ते करून बघू.

तोपर्यंत धंदा सांभाळा, आणि डिलीटच्या बटणापासून दोन हात लांब राहा. भेटूया!