मोरीचा लोखंडी पाइप बदलताय? आधी वायर बघा



ताथवडे २००९ साली महापालिकेत आलं. त्याआधीच्या जुन्या घरांत, भाड्याच्या खोल्यांत मोरीला अजून जी.आय. पाइप सापडतो. बाहेरून धडधाकट, पण मोरी सारखी तुंबते. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. मुलामा झिजला की आतून गंज चढतो. त्या खरबरीत गंजाला साबण, तेलकटपणा, केस चिकटतात आणि पाण्याची वाट बारीक होत जाते. पीव्हीसी पाइप गंजत नाही आणि आतून गुळगुळीत असतो. म्हणून बदलणं चांगलंच.

पण करवत लावण्याआधी एक बघा. जुन्या घरांत अर्थिंगची वायर कधी कधी लोखंडी पाइपालाच गुंडाळलेली असते. प्लास्टिकमधून वीज जात नाही. पाइप बदलला की अर्थिंग तुटतं आणि कुणाला कळतही नाही, कारण दिवे-पंखे चालूच राहतात. पुढे कधी गिझर किंवा वॉशिंग मशीन बिघडून त्याच्या अंगात करंट उतरला, तर हात लावणारीच्या जिवावर बेततं. अशी वायर दिसली तर तिला हात लावू नका. परवाना असलेल्या वायरमनकडून आधी वेगळं अर्थिंग करून घ्या, मगच पाइप कापा.

काम चालू असताना हे तपासा :

१. पाइप आयएसआय मार्कचा, एसडब्ल्यूआर ‘टाइप बी’ मागा. ‘टाइप ए’ पातळ असतो, तो पावसाच्या पाण्यासाठी.

२. उतार दहा फुटांना साधारण तीन इंच हवा. प्लंबरला लेव्हल लावून दाखवायला सांगा.

३. न्हाणी ट्रॅप बसवलाच पाहिजे. त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं.

४. सोल्युशन पटकन पेट घेतं. गॅस, चूल बंद आणि खिडकी उघडी ठेवा. सोल्युशनने लोखंड आणि पीव्हीसी जुळत नाही. जुना पाइप थोडा ठेवणार असाल तर तिथे त्यासाठीचा जोड आणा.

५. जोड एक दिवस सुकू द्या. मग बादलीभर पाणी ओतून प्रत्येक जोड कोरड्या हाताने चाचपा.

नंतरची काळजी एवढीच : उकळतं पाणी किंवा भाताची पेज थेट मोरीत ओतू नका, गार पाणी मिसळा. उन्हातल्या पाइपाला रंग द्या, नाहीतर तो ठिसूळ होतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढं बघून या : आपल्या घरची अर्थिंगची वायर नेमकी कुठे जाते?