विद्यापीठाची भूमी आणि पट्ट्याचा करार

प्रश्न : विद्यापीठाची जमीन विकासकाला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देता येते काय?
– एक वाचक, टावर चौक, उज्जैन

उत्तर : १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचा कारभार मध्यप्रदेश विश्वविद्यालय अधिनियम, १९७३ अन्वये चालत असून मालमत्तेची व्यवस्था कार्यपरिषदेकडे असल्यामुळे, असा प्रस्ताव कानी येताच प्रथम तिचा ठराव आणि शासनाची भूमिका तपासावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ प्रमाणे पट्ट्याने मालकी जात नाही, केवळ उपभोगाचा हक्क जातो. परंतु मुदत एका वर्षाहून अधिक असल्यास कलम १०७ अन्वये दस्त नोंदवावाच लागतो, आणि करारात स्पष्ट मनाई नसल्यास पट्टेदार तोच हक्क तिऱ्हाइताच्या हवाली करू शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. शिवाय भोपाळच्या एका भूखंडाचे वाटप रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली असे बजावले, की सार्वजनिक जमीन जाहिरातीवाचून, मर्जीने, कोणाच्या पदरात टाकता येत नाही. तात्पर्य, मुदत, भाडेवाढ, पोटपट्ट्याची मनाई आणि मुदतीअंती इमारतींचे स्वामित्व या चार बाबी दस्तात निःसंदिग्ध असल्याखेरीज, विद्येसाठी राखलेली भूमी नावापुरतीच विद्यापीठाची उरेल.