पुष्पप्रदर्शनांची जुनी दप्तरं

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या उद्यानप्रेमी मंडळाची जुनी इतिवृत्तं, प्रदर्शनांची पत्रकं आणि वाळवलेल्या पानाफुलांचे नमुने कसर खाते आहे. लॅमिनेट करावं का?

उत्तर : मुळीच नको! लॅमिनेशन कागदाला इजा न करता सोडवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा; जुनी चिकटपट्टी मात्र ओढू नका. ऊन दाखवू नका, शाई उडते. कसर मारायला कागद हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव साचेल. वनस्पतींच्या जुन्या नमुन्यांना पूर्वी अनेकदा पाऱ्याचा विषारी क्षार लावत, म्हणून हातमोजे हवेतच. मग स्कॅनिंग करायचं झालं, तर ते पत्रकांतल्या बक्षिसांच्या याद्यांपासून सुरू करा. कोणत्या साली कोणता गुलाब पुण्यात फुलत होता, ते तिथेच सापडेल; इतिवृत्तांत बहुधा चहापानाचा खर्चच असतो.