मधलं मॉडेल घेणाऱ्यांसाठी

चाकणच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं, म्हणजे तारांच्या जुडग्यांचं, काम पाहत होतो. त्यामुळे नात्यातलं कुणी नवी गाडी घ्यायला निघालं की मला बरोबर नेतात. शोरूममध्ये वाद ठरलेला: "सनरूफ नको, फक्त मागचा वायपर हवाय. तेवढाच का देत नाही?" सेल्समन हसतो आणि टॉप मॉडेलचं कोटेशन पुढे सरकवतो.

वायपरसाठी आलेल्याच्या गळ्यात सनरूफ मारण्यात कंपनीचा फायदा आहेच. पण सगळं खापर नफ्यावर फोडू नका. हिशेब करून पाहा. दोन इंजिनं, दोन गिअरबॉक्स, पाच रंग आणि चार मॉडेलं धरली तर ८० प्रकार होतात. मॉडेलं मोडून दहा गोष्टी 'हवी की नको' अशा सुट्या विकायला काढल्या, तर तेच प्रकार २०,४८० होतात. एवढे प्रकार कोणता डीलर गोडाऊनमध्ये ठेवणार?

आम्हाला याची झळ रोज लागायची. वायपर म्हणजे नुसती मोटर नव्हे. तिला तार लागते, फ्यूज लागतो, कपलर लागतो, स्टिअरिंगजवळचा स्विचही वेगळा. हार्नेस बहुतांशी हातानेच बोर्डावर बांधतात आणि लाइनवर गाड्या ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने तो पोचवावा लागतो. एक चुकीचा गेला की लाइन खोळंबते. (मग फोन कुणाला यायचा, ते वेगळं सांगत नाही.) त्यात सरकारी चाचण्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी मिळाल्याशिवाय नवं मॉडेल विकता येत नाही. युरोपात तर २०१८पासून डब्ल्यूएलटीपी चाचणीमुळे कार्बन डायऑक्साइडचा आकडा ठरवताना रुंद टायर, सनरूफ असल्या जोडण्याही धराव्या लागतात. तेव्हा तिथल्या कंपन्यांनीही पर्यायांच्या याद्या छाटल्या.

माझ्या पुतण्याला हे पटलं नाही. त्याने मधलं मॉडेल घेतलं आणि डीलरच्याच ओळखीच्या दुकानातून कॅमेरा, मोठा स्क्रीन आणि आपोआप मिटणारे आरसे बसवून घेतले. पावसाळ्यात सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा लागायला लागलं आणि सकाळी बॅटरी उतरलेली असायची. सर्व्हिस सेंटरने पॅनेल उघडून दाखवलं: मूळ तार सोलून जोड मारलेला, वर काळी टेप. "वॉरंटीत बसत नाही, काका," एवढं बोलून तिथला पोरगा मोकळा झाला. दुकानदार म्हणाला, गाडीतच दोष आहे. भरपाई कुणीच दिली नाही. हार्नेस बदलायचा खर्च ऐकून पुतण्याने सगळं काढून टाकलं.

म्हणून आधी पाहा की कोणती गोष्ट नंतर धड बसणारच नाही. एअरबॅगा, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), सीट वर-खाली करायची सोय, मागचा वायपर या गोष्टींवरून मॉडेल ठरवा, स्क्रीनच्या आकारावरून नव्हे. घरात कुणी बुटकं असेल तर सीटची सोय असलेलं मॉडेल घ्या. ती सीट आतून वेगळी असते. दोन मॉडेलांना कधी कधी एकच हार्नेस असतो आणि डॅशबोर्डमागे रिकामा कपलर मिळतो. त्याला तार न कापता कंपनीची ॲक्सेसरी जोडता येते. "कपलर आहे का, की तार कापणार?" हे शोरूममध्ये स्पष्ट विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. सीटमध्ये एअरबॅग असेल तर बाहेरचं कव्हर शिवून घेऊ नका. बंपरगार्डला २०१७पासून बंदी आहे. रंग बदलला तर आरसीवर नोंद करा. बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत.

दुकानदार "नुसती एक वायर टॅप करतो" म्हणाला, तर गाडीची चावी त्याच्या हातात देऊ नका.