कामानुसार भरावयाची आपत्कालीन पिशवी

शेतकऱ्याचा बहुतेक दिवस घरापासून दूर जातो. शेतात काही अपघात घडल्यास दवाखाना गाठेपर्यंत काय केले आणि काय टाळले, यावर पुष्कळदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. यासाठी प्रत्येक घरी एक आपत्कालीन पिशवी तयार असावी. मात्र एकच पिशवी सर्व कामांस पुरत नाही. कामात कोणता धोका संभवतो हे पाहून ती भरावी.

नेहमीची पिशवी : स्वच्छ फडक्याच्या पट्ट्या, साबण, जलसंजीवनीची पुडी, पिण्याचे पाणी व भारित भ्रमणध्वनी या वस्तू दररोज सोबत असाव्यात. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्यावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक कागदावर लिहून पिशवीत ठेवावा. नियमित औषध घेणाऱ्यांनी त्या दिवसाची मात्रा बरोबर न्यावी.

रात्रीचे पाणी देणे : विजेरी, काठी व गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्यावेत. पिशवीत रुंद पट्टी आणि दोन सरळ कांबी असाव्यात. सर्पदंश झाल्यास अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव कांबीने हलणार नाही असा बांधावा व रुग्णास चालू न देता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. म्हणून सापाचा शोध घेण्यात वेळ दवडू नये. आवळण्याची दोरी आणि चिरा देण्याचे पाते या पिशवीत मुळीच नसावे. दोहोंनी अपाय होतो.

फवारणी : इ. स. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. या कामासाठी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, कपड्यांचा दुसरा जोड, साबण आणि धुण्यापुरते स्वच्छ पाणी न्यावे. डोळ्यांत औषध उडाल्यास ते पंधरा मिनिटे पाण्याने धुवावेत. चक्कर, मळमळ किंवा जास्त घाम येऊ लागताच काम थांबवून कपडे बदलावेत, अंग धुवावे व दवाखाना गाठावा. डबीवरील चिठ्ठी किंवा माहितीपत्रक डॉक्टरांस अवश्य दाखवावे. उतारा कोणता द्यावा हे त्यावर छापलेले असते.

उन्हातील कापणी : नेहमीपेक्षा अधिक पाणी, जलसंजीवनीच्या जादा पुड्या, उपरणे आणि विळ्याच्या जखमेसाठी जाड घडीचे स्वच्छ फडके न्यावे. रक्त वाहत असल्यास जखमेवर हळद किंवा माती न भरता घडी घट्ट दाबून धरावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एक बैठक घ्यावी आणि आलेल्या शेतकऱ्यांच्या पिशव्या प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. मुदत संपलेल्या पुड्या बदलाव्यात, विजेरी लावून पाहावी, कांबी बांधण्याचा सराव करवून घ्यावा. पिशवी कुलपात न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर टांगावी, म्हणजे घाईच्या वेळी मुलांच्याही हाती ती चटकन लागेल.