पोरांसाठी भरलेली पेटी

हे बघ, नवं पोर इथे हमखास अडखळतं. मीही अडखळलो होतो. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन स्वतःच एक ऑब्जेक्ट असतं, आणि त्याच्या बाबतीत प्रोटोटाइप हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक म्हणजे त्याचा स्वतःचा पूर्वज. दुसरा म्हणजे त्याने पोरांसाठी भरून ठेवलेली पेटी.

समज, तू ‘गाडी’ नावाचं फंक्शन लिहिलंस. ‘गाडी.प्रोटोटाइप’ ही झाली पेटी. ‘न्यू गाडी’ म्हटलंस की जन्मलेल्या ऑब्जेक्टचा दुवा त्या पेटीला जुळतो. पेटीत ‘हॉर्न’ ठेवलास तर तो प्रत्येक पोराला वाजवता येईल, पण ‘गाडी.हॉर्न()’ म्हणशील तर एरर. गाडीला कॉल, अप्लाय, बाइंड मिळतात ते ‘फंक्शन.प्रोटोटाइप’कडून. त्याच्या वर ‘ऑब्जेक्ट.प्रोटोटाइप’, आणि त्यापुढे नल, वंशावळ संपली. कुणाचा पूर्वज कोण, असा प्रश्न पडला की ‘गेटप्रोटोटाइपऑफ’ला विचार, अंदाज बांधत बसू नकोस. ॲरो फंक्शनकडे पेटीच नसते, आणि त्याला ‘न्यू’ही लावता येत नाही.

पेटीत ॲरे मात्र ठेवू नकोस. ‘धिस.रंग’ला नवी किंमत दिलीस तर ती त्या पोराच्या अंगावर बसते, पेटी तशीच राहते. पण ‘धिस.सामान.पुश’ आधी सामान शोधायला वर चढतं आणि पेटीतल्या एकाच ॲरेत भर घालतं. एका कामात मी हेच केलं. एका गिऱ्हाईकाचा माल दुसऱ्याच्या यादीत दिसायला लागला, आणि अख्खी रात्र मी डेटाबेसला शिव्या घालत बसलो.

वारसा जोडताना ‘ट्रक.प्रोटोटाइप’ला थेट ‘गाडी.प्रोटोटाइप’ देऊ नकोस. दोघांची पेटी एकच होते आणि ट्रकचे बदल गाडीत शिरतात. ‘ऑब्जेक्ट.क्रिएट’ने नवी पेटी कर आणि कन्स्ट्रक्टर पुन्हा लाव. तरीही एक दुवा जोडायचा राहतोच: पोरांना वारसा मिळाला, पण खुद्द ‘ट्रक’ फंक्शनला ‘गाडी’वर थेट लावलेलं काही दिसत नाही. 2015 साली आलेलं क्लास-एक्स्टेंड्स दोन्ही दुवे जोडतं. नव्या कामात तेच वापर, उगाच जुनी मर्दुमकी नको.

आणि भाषेच्या स्वतःच्या पेटीत कधी हात घालू नकोस. मूटूल्स या लायब्ररीने ॲरेच्या पेटीत आपलं ‘फ्लॅटन’ घुसवलं होतं. पुढे भाषेनेच त्या नावाची मेथड आणायचं ठरवलं, तर चाचणीतच ती लायब्ररी वापरणारी एक साइट मोडली. वाद झाला आणि नाव बदलावं लागलं. म्हणून आज आपण ‘फ्लॅट’ लिहितो.